टेकडीवरचा मंगळ

५ मार्च, बुधवार

फसले! सारंगदादाने सापळा लावला आणि मी आपण होऊन आत जाऊन बसले. रविवारी ट्रेकला येतेस का म्हणाला, मी लगेच हो. सिंगापुरात, हौगांगच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर कपडे वाळत घालायचे आणि वरून बसेस बघायच्या — ट्रेक म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? आज अदितीवहिनीच्या तोंडून निसटलं. बरोबर कोणी प्रबोध येतोय. रॅफल्स प्लेसला बँकेत इंजिनिअर. आणि त्याची आई. म्हणजे कांदेपोहेच, फक्त बूट घालून.

इथे राहायचा माझा पास संपत आलाय. त्याच्या आत जमलं तर परत जायलाच नको, असं दादाचं गणित. पण मला जायचंय ना! साताऱ्यात माझ्या मैत्रिणीने, एकताने, पार्लर काढलंय. दुसरी खुर्ची माझ्यासाठी ठेवलीय. दादाला सांगितलं तर म्हणे, "बारावी नापास मुलीला इंजिनिअर मिळतोय, अजून काय पाहिजे तुला?"

खुर्ची.

६ मार्च

लिफ्टमधल्या आँटीला मागे थाप मारली होती की मला जुळी बहीण आहे. आज तिने दोघींसाठी केळी दिली. माझ्या थापा माझ्यापेक्षा जास्त फिरतात.

८ मार्च, शनिवार

उद्या न्यायच्या पोह्यात मूठभर मीठ टाकू? वहिनी चव घेऊन बघणार. पाय मुरगळू? दादा उचलून नेईल, सोडणार नाही. आईने साताऱ्याहून पत्रिका पाठवलीय ती तर एकदम स्वच्छ. गुण जुळले म्हणून दोन्हीकडे आनंदीआनंद.

थांब. पत्रिका!

९ मार्च, रविवार

पाय गेले. सगळंच गेलं.

अजिंक्यताऱ्यापुढे ही टेकडी म्हणजे स्पीडब्रेकर, असं सकाळी मीच म्हणाले होते. पण चढ नुसता अंगावर येतो, आणि हवा अशी की ओला टॉवेल तोंडावर टाकलाय. पुढे दादा, मागे वहिनी, मध्ये मी. पळायला जागाच नाही! प्रबोधची आई, नीताकाकू, आमचा पोह्याचा डबा पोटाशी धरून चढत होत्या. माकडं त्यांच्यावरच टपलेली. प्रबोध माझ्याशी एकच वाक्य बोलला — सनस्क्रीन लावलंय का.

वर लोखंडी मनोरा आहे. पूर्वी तिथून जंगलात कुठे धूर दिसतो का ते बघायचे म्हणे. दादा म्हणाला, तुम्ही दोघं जा, व्ह्यू बघा. आणि स्वतः जिन्याच्या पायथ्याशी बसला. उतरायची वाट एकच, आणि तिच्यावर माझा भाऊ!

वर गेल्यावर मी प्रबोधला विचारलं, तुम्हाला करायचंय का लग्न? तो रुमालाने चष्मा पुसत राहिला.

"आई म्हणेल तसं."

बरं. मग आईलाच पळवून लावू. आवाज खाली आणला, डोळे पुसल्यासारखे केले. म्हटलं, तुम्हाला फसवायचं नाही मला. मला कडक मंगळ आहे. घरच्यांनी पत्रिका बदलून घेतलीय.

त्याने चष्मा चढवला. मग कठड्यावरून वाकला आणि एवढ्या जोरात ओरडला की माकडं पांगली — "आई! हिलापण मंगळ आहे!"

हिलापण.

खाली आले तर काकूंच्या डोळ्यांत पाणी. मला पोटाशी धरलं. म्हणाल्या, आम्हीही लपवूनच ठेवलं होतं गं, ऐकलं की मुलीकडचे फोनच उचलत नाहीत. दोघांना असला की काही दोष नाही. देवानेच तुला बोलायची बुद्धी दिली!

मला वाटलं दादा म्हणेल, थापाडी आहे ही, लक्ष देऊ नका. वाटच बघत होते. तो खाली वाकला. बुटाची लेस बांधत बसला. लेस बांधलेलीच होती. वहिनी त्याच्याकडे बघत होती.

पोहे छान झाले होते. मीठ बेताचं.

१० मार्च

काकूंनी लिटिल इंडियात नेऊन साडी घेतली. मोतिया रंग. मला शोभते, हीच तर पंचाईत.

११ मार्च, मंगळवार

दादाला सांगायला गेले की थाप होती. "झोप आता," म्हणाला आणि दिवा घालवला. चिडला असता तरी चाललं असतं. काकू एप्रिलमधला मुहूर्त बघतायत. एकताचा मेसेज — खुर्चीवर सध्या दुसरीला बसवू का? फोन उशीखाली सारला.

सुटायचा रस्ता एकच. खरं बोलायचं. खरी पत्रिका दाखवली की मला मंगळ नाही, की प्रबोधला चालणार नाही, की काकू साडी परत नेतील. दादा तोंड उघडत नाही तर आईच काकूंना सांगेल. थोबाडीत खाल्ली तरी बेहत्तर. माझ्याच थापेने अडकले, खरं बोलून बाहेर पडेन.

१२ मार्च

आईला फोन लावला. म्हटलं, आई, ओरडू नकोस, मी त्यांना सांगितलं की मला मंगळ आहे —

पुढचं बोलूच दिलं नाही.

"सारंगने सांगितलं ना तुला? लग्न होईपर्यंत हिला कळू देऊ नको म्हणून बजावलं होतं मी त्याला."