करंट आणि शाल

३ जानेवारी
पुण्याहून मशीन आलं. कमरेला पॅड चिकटवायचे, हलका करंट, रोज अर्धा तास. सरपंच झालो त्या मिरवणुकीत गुलाल उधळताना जेसीबीच्या बकेटमधून पडलो, मणका मोडला. तेव्हापासून लघवी माझं ऐकत नाही. साठली तर कळत नाही, सुटली तरी कळत नाही, आवरणं तर लांबच. डॉक्टर म्हणाले, फरक पडला तर काही महिन्यांनी पडेल, दर चार तासांनी नळी घालून लघवी काढणं चालूच ठेवा. घाबरट माणूस.
संकल्प: वीस तारखेला लेकीच्या साखरपुड्यात डायपरशिवाय बसणार.

७ जानेवारी
अर्धा तास म्हणजे चेष्टा. मोटार जास्त चालली की पाणी लांबच्या वाफ्याला जातं, हे पुण्यात कुणाला कळणार? दोन तास चालवलं. विजेच्या तारेवर आकडे टाकून मोटारी चालवलेली पिढी आमची. करंटचं आम्हाला कुणी शिकवू नये.

११ जानेवारी
कमरेवर लाल चट्टे. गुण येतोय. बायको रोहिणी म्हणते, भाजलंय. तिला विरोधी बाकावर बसायची सवयच आहे.

१५ जानेवारी
सकाळभर कोरडा. रोहिणीचं म्हणणं, पाणीच कुठं प्यालात? राजकारण.

१९ जानेवारी
सायली जवळ येऊन बसली. "पप्पा, डायपर घाला की. कावून हट्ट करताय? मला कायबी लाज न्हाई."
मला आहे ना. अख्खं तेलगाव येणार.

२० जानेवारी, दुपार
कार्यक्रम जोरात. फेटा, पांढरा पायजमा. नळीची वेळ झाली म्हणून रोहिणीनं दोनदा खुणावलं, पण माईक हातात होता. भाषण लई रंगलं. पहिल्या रांगेतले सगळे माना खाली घालून बसलेले. एवढा आदर निवडून आलो तेव्हाही नव्हता. मग व्याही सुंदरराव उठले आणि सत्काराची शाल खांद्यावर न घालता माझ्या मांडीवर पांघरली. त्यांच्या नांदूरघाटची रीत असेल.

२० जानेवारी, संध्याकाळ
रीत नव्हती. रोहिणीनं पायजमा भिजत घातला तेव्हा कळलं.
सोयरीक मोडणार. पोरीचं वाटोळं मीच केलं. जेवलो नाही. मशीन कपाटात टाकलं.

२१ जानेवारी
सुंदररावांचा फोन. म्हणाले, "विजयराव, भाषण जरा थोडक्यात करा. लग्नाला दोन शाली आणतो."
मशीन परत काढलं. अर्धाच तास. नळी वेळेवर. लग्नासाठी डायपरही मागवले.
भाषण मात्र थोडक्यात जमणार नाही.