बागेतला वाघ

धाऊकाका,

नमस्कार लिहीत नाय. लग्न झाल्यावर आमी जोडीने नमस्काराला आलोच होतो ना? तुमी गावदेवीच्या देवळाला कुलूप घातलंत आणि चावी कनवटीला लावून शेतावर निघून गेलात. का, तर माझा नवरा लडकू वरच्या आदिवासी वाडीतला ठाकर. आणलेला नारळ हातातच राहिला.

मुरबाडच्या वाटेवर उघड्या माळावर दगडी पुतळ्यांची बाग आहे, तिथे आमी गेलो. म्हटलं, निदान बसायला सावली तरी मिळेल.

तिथे एका कोपऱ्यात वाघ होता. लडकू थबकला. त्यांच्या वाडीच्या वेशीवर असाच वाघोबा आहे. मग देवीसाठी आणलेला शेंदूर मी त्या वाघाच्या कपाळाला फासला, लडकूने नारळ फोडला आणि आमी जोडीने पाया पडलो.

वॉचमन ओरडत आला, "अगो, हा देव नाय, शोभेचा पुतळा हाय!"

"मग आमची देवी काय आभाळातून पडली, दादा?" मी म्हटलं.  त्याने खोबऱ्याचा तुकडा तेवढा घेतला.

काल पुन्हा गेलो. वाघाच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि समोर एक नवं जोडपं उभं होतं. नवरी घाबरून मागे बघत होती. मी म्हटलं, "खुशाल पड गो पाया. ह्या देवाला दार नाय."

हे पत्र टाकणार नाय, तुमी न वाचताच चुलीत घालाल. चावी जपा, काका. आमाला ती आता लागत नाय.

तुमचीच पुतणी, लडकूची बायको,
अक्षदा