काचेवरची मेंदी

४ मार्च
ठण्, ठण्. पितळी खलात मेंदी कुटल्याचा तो जुना आवाज आज सारखा कानात घुमतोय. गाबेस गावच्या घरी माझी बायको मब्रूका हातांना मेंदी थापून परसात बसायची आणि बाहेरून हाक द्यायची, "अहो मास्तर, कविता पुरे! दार उघडा, हात भरलेत माझे!" तिला जाऊन वर्ष झालं. आजपासून मी स्फाक्सला, लेकीच्या नव्या घरी. लख्ख ऊन, समुद्राचा वारा, जेवायला मासळीचा कुसकुस. दलंदा म्हणाली, "बाबा, आता इथून हलायचं नाही."

७ मार्च
दलंदाचे प्रयोग घरातच चालतात. मेंदीचा रंग काढून दोन काचांमध्ये त्याचा पातळ थर देते. वीज सोडली की काच तांबूस होते, तारा उलट जोडल्या की रंग उतरतो. वीज बंद केली तरी चढलेला रंग तसाच राहतो. खिडक्यांना पडदेच नकोत म्हणे! तिची मेंदी संपली, म्हणून मी मब्रूकाचा डबा दिला. मब्रूकानं शेवटची कुटलेली मेंदी. शेजारीण सालहा कडाडली, "मास्तर, अक्कल गहाण टाकलीत? मेलेल्या बाईची मेंदी तिच्यामागं मातीत घालायची असते!" आम्ही बापलेक खूप हसलो.

१० मार्च
काच खिडकीत बसली. वीज सोडताच सांजेच्या आभाळासारखी रंगली आणि मधोमध बाईचा पंजा उमटला. करंगळी वाकडी. मब्रूकाचीच! काचेला गाल लावून मी तिची आवडती, शाळेत शिकवायचो ती कविता म्हटली.

१३ मार्च
पंजा गडद होतोय. दलंदाचे ओठ फिके. थकलेय, म्हणते.

१५ मार्च
काच रंगते तेव्हा दलंदाच्या नखांतला गुलाबी रंग ओसरतो. डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. मी तारा उपटल्या. रंग जाईना. काचेवर हातोडा मारला, तर आतल्या खोलीत दलंदा किंचाळली—

१६ मार्च
दलंदा अंथरुणात, चुन्यासारखी पांढरी. "बाबा, तारा उलट जोडा." हो. रंग जिचा, तिच्याकडे परत—

दुपार
जोडल्या. पंजा विरतोय. करंगळी शेवटी. काच स्वच्छ!

धावत गेलो. पांढरीच. गार. दलंदा, बाळा—

मग रंग कुणाकडे—

ठण्, ठण्. अंगणात.

दाराखालून तांबूस ओघळ. कडी वाजत नाही. कुणी नुसतं उभं—

"अहो मास्तर, दार उघडा. हात भर—