गिटार दादाला मिळणार नाही

मी, खाली सही करणारी, वय सत्तावन्न, अविवाहित, गिटारची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि पुष्कळ रागात लिहीत आहे. रागावलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर असू शकतं. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी दादावर, म्हणजे माझ्या थोरल्या भावावर, विश्वास टाकला होता.

१. दोन खोल्यांचं हे घर माझं स्वकष्टार्जित आहे. ते आणि बँकेतली शिल्लक दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला, द्यावी. ती सज्ञान आहे. "तिच्या वतीने मी बघतो," असं दादा म्हणेल. त्याने काहीही बघू नये.

२. माझा चेलो, ते उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, मी शिकवते त्या शाळेच्या ऑर्केस्ट्राला. मुलांनी वाजवावा, ओरखडे पडले तरी चालतील. मुख्याध्यापकांच्या खोलीत शोभेला उभा दिसला, तर परत आणावा.

३. गिटार दादाला मिळणार नाही. "आठवण म्हणून हॉलमध्ये टांगू," असं तो माझ्या आजारपणात उशाशी बसून वहिनीला सांगत होता. मी जागी होते. याच दादाने, मी परगावी असताना, पाहुण्यांपुढे मिरवायला तिच्यावर स्टीलच्या तारा चढवल्या. ती नायलॉनच्या तारांसाठी घडवलेली. ताण सोसेना, तारा धरणारा ब्रिज फळीसकट उखडला.

"अगं, आवाज मोठा यावा म्हणून केलं!" दादा म्हणाला.

दुरुस्तीवाले काका बघतच राहिले. "बाई, कपडे वाळत घातले होते का हिच्यावर?"

ते मी माफ केलं. लाकूड चिकटवता येतं.

४. पुढचं माफ करत नाही. भाची लहानपणापासून माझ्याकडे शिकली. आमच्या वादनात तार छेडतात उजव्या हाताच्या नखांनी. ती वाढवायची, घासायची, जिवापाड जपायची. संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेच्या सकाळी वहिनीने "परीक्षकांपुढे अशी गबाळी जाणार?" म्हणत तिची नखं मुळापर्यंत कापली. पोरीने हात पुढे केला. नाही म्हणायला तिला त्या घरात कोणी शिकवलंच नव्हतं.

मी फोनवर ओरडले, तर दादा हसला. "नखंच ना? येतील की परत!"

नखं आली. ती आली नाही. त्या दिवशी बोथट, मुका आवाज काढून ती परीक्षेतून उठली, आणि त्यानंतर तिने गिटारला हात लावलेला नाही. "आत्या, मला येतच नव्हतं गं," म्हणते. नऊ वर्षं मी ऐकलं आहे तिला. तिला येतं. हे कायदेशीर कागदावर लिहून ठेवते.

५. म्हणून गिटार भाचीला. वाजवलीच पाहिजे अशी अट नाही. विकली तरी तिचीच. अंमलबजावणी दुरुस्तीवाल्या काकांनी करावी. त्यांनी घराची किल्ली थेट तिच्या हाती द्यावी आणि पहिल्या दिवशी तिला एकटीला आत जाऊ द्यावं. दादा-वहिनींनी जिन्यातसुद्धा थांबू नये. आतून आवाज आला नाही, तर कोणी दार ठोठावू नये. आला, तर मुळीच ठोठावू नये.

हे वाचून, समजून, आम्हा तिघींनी एकमेकींसमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनवाल्या मावशी (सही)

ठिकाण: माझी शिकवणीची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३