सायलेन्सरवरचं पोतं

आबा, तुमच्या गॅरेजात आता ट्रॅकवर पळवायची गाडी तयार होते. हसू नका. ट्रेलरच्या दोन धुडांमध्ये ती लाल, दोन दारांची, कमरेएवढी गाडी आणून उभी केली तेव्हा शेजारचा टायरवाला म्हणाला, "ताई, हिची दुरुस्ती करनार का हिला पालन्यात घालनार?" म्हटलं, तू तुझी पंक्चरं काढ. बंदराच्या रस्त्यावर पंचवीस वर्षं कंटेनरचे ट्रेलर खोलणाऱ्या बाईला ही एवढीशी गाडी झेपणार नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. बोर्डावर अजून तुमचंच नाव आहे, आणि गिऱ्हाईक त्या नावावर येतं, हे मी कुणापुढंही नाकारत नाही.

गाडी एका डॉक्टरीणबाईंची. दवाखाना मुंबईला, शनिवार-रविवार बोटीनं मांडव्याच्या घरी, आणि गाडी तिथंच समुद्राच्या वाऱ्यात उभी. कोइमतूरजवळ एक ट्रॅक आहे, तिथं हौशी लोकांना दिवसभर स्वतःची गाडी पळवू देतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं फेऱ्या मारणं. बाई दोनदा ट्रकवर गाडी चढवून गेल्या आणि दोन्ही वेळा जेवायच्या आत गाडी बंद. दुसऱ्या वेळी तर वळणावर ब्रेकचं पेडल सरळ तळाला गेलं होतं. मला म्हणाल्या, "ताई, मला कुणाला हरवायचं नाहीये. मला एक अख्खा दिवस चालवायची आहे, आणि दाबल्यावर ती थांबली पाहिजे. बस." मला हे काम हवंच होतं. ट्रेलरवाले आता कंपन्यांच्या वर्कशॉपात जातात, आपल्याकडं येतात ते जुने आणि अडलेले. ही गाडी दिवसभर टिकली तर गॅरेज टिकणार होतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

त्यांना कुणीतरी इंजिनाची ताकद वाढवा म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, मॅडम, आहे ती ताकद तरी आधी सांभाळू. तुमचं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं ऐकवलं, "पलवाची अक्कल सगल्यांना असते, थांबवाची कमवावी लागते." बाई हसल्या आणि मग मी म्हणेन तसंच झालं. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की जुन्या ब्रेक ऑइलला उकळी फुटते, म्हणून ते सगळं काढून जास्त उष्णता सोसणारं भरलं. पॅड बदलले. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि मीठ असं काही बसलं होतं की अर्धी जाळी बंद, मग गाडी तापणार नाही तर काय करणार? होज पाइप नवे, क्लिपा नव्या. बॅटरी हलत होती ती आवळली. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, कारण पळून तापल्यावर ती आपोआप चढते. यातलं एकही काम गाडी जोरात पळवण्यासाठी नव्हतं, सगळं ती बंद पडू नये म्हणून.

चाकांचे नट आवळताना तुम्ही आठवलात. मी एकोणीस वर्षांची, ट्रेलरच्या चाकावर पान्याला लांब पाइप घालून वर उभी राहते आणि उड्या मारते, कारण कामावरच्या पुरुषांना दाखवायचं असतं. काड्कन बोल्ट तुटतो. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "ताकद दाखवाची असंल तर जत्रंत जा! हितं माप पायजे!" मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी माझ्या खुर्चीवर जुन्या बाजारातून आणलेला तो लांब पाना ठेवलेला होता, ठरावीक जोराला 'कट्' करून थांबायला सांगणारा. मी तो उचलला आणि कामाला लागले. आपल्या घरात माफी अशीच मागतात.

तर, गाडी तयार झाली. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला रॅम्पवर घेऊन खालून जळकं ऑइल मारलं, इंजिनातून काढलेलं जुनं. सवयच ती. आपल्या उरणात कुठलीही गाडी पावसाळ्याआधी जळक्या ऑइलचा हात फिरवल्याशिवाय सुटत नाही, नाहीतर मिठागरावरचा वारा दोन वर्षांत चेसिस खाऊन टाकतो. मांडव्याच्या गाडीलाही तेच हवं. मारलं, हात धुतले, ट्रकवर चढवली.

कोइमतूरला सकाळी तिसऱ्याच फेरीला गाडीच्या पोटाखालून पांढरा धूर. आधी थोडा, मग असा की मागची गाडी दिसेना. झेंडे हलले, दोन माणसं आगीचे सिलिंडर घेऊन धावली. बाई दार ढकलून उतरल्या आणि गाडीपासून लांब पळाल्या. आग नव्हती. तापलेल्या सायलेन्सरवरचं ऑइल जळत होतं. पण आत बसलेल्या माणसाला ते कसं कळणार? तपासणीवाल्यानं खाली वाकून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, हे काय फासलंय? चारपाच जण गोळा झालेले. बाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी म्हणाले, "आमच्या वडिलांची पद्धत आहे. जुनी माणसं, असंच करायची." एक क्षणही थांबावं लागलं नाही मला.

आबा, तुम्ही ऑइल मारण्याआधी सायलेन्सरला ओलं पोतं गुंडाळायचात. ब्रेकवर दुसरं. दर गाडीला, दर वेळी, घाई असो नसो. त्या संध्याकाळी पोतं कोपऱ्यात पडलेलं मला दिसत होतं. वाकून उचलायचा कंटाळा केला.

पुढचं मी नीट निभावलं, तेवढं सांगायचा हक्क आहे मला. साबणाचं पाणी, डिझेल, फडकी घेऊन पाठीवर झोपले आणि दुपारपर्यंत सायलेन्सर लखलखीत केला. ब्रेक चारही खोलून पाहिले. पुन्हा तपासणी, पुन्हा परवानगी. त्यानंतर ट्रॅक बंद होईपर्यंत ती गाडी एकदाही थांबली नाही. तापमानाचा काटा जागचा हलला नाही, पेडल शेवटच्या फेरीलाही सकाळइतकंच कडक. बाईंनी उतरून मला मिठी मारली, ऑइलच्या कपड्यांसकट. तिथल्या तिथं तिघांनी माझा नंबर घेतला. त्यातल्या दोघांच्या गाड्या येऊनही गेल्या. काम मला येतं, आबा. उत्तम येतं.

पण तुम्ही एकदा जेवणावरून उठला होतात. घास हातात, आणि एकदम म्हणालात, "पिन." तेवढंच. ट्रेलरचं चाक निसटू नये म्हणून घालतात ती पिन बसवायची राहिली होती, आणि ट्रेलर तासाभरापूर्वी निघालेला. स्कूटरवर मी मागं बसले. बंदराच्या गेटच्या रांगेत तो सापडला. मी तुमच्या कानात म्हटलं, सांगा की हवा तपासायचीय. तुम्ही सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणालात, "पिन मी इसरलो. चूक माजी." त्यानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या. तुम्ही ऐकून घेतल्या, रस्त्यात बसून पिन घातली, घरी येऊन उरलेलं जेवलात. मी चिडले होते, एवढा अपमान कशाला? तर म्हणालात, "खोटं सांगितलं तं डायवर भलतंच तपासत बसंल, आनी खरं मोडंल."

ते मला काल समजलं. मधे अख्खा पावसाळा गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रॅक, म्हणून बाई गाडी घेऊन आल्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची ती पद्धत बंद केली हं मी. दर रविवारी खालून वाफेनं धुऊन घेते. ऑइलचा एक थेंब ठेवला नाही." मी गाडी रॅम्पवर घेतली. मागच्या चाकाकडं जाणारा ब्रेकचा पाइप तपकिरी पडला होता. नखानं खरवडला तर पापुद्रे हातात आले. हेच पेडल पुन्हा तळाला गेलं असतं, भर वळणावर, आणि या वेळी कारण मी असते. तुमची पद्धत चुकीची आहे असं मीच त्यांना पटवलं होतं ना? तुमच्या नावाचा बोर्ड डोक्यावर घेऊन मी तुमच्यावरच खापर फोडलं आणि त्या बाईनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून आपले ब्रेक गंजवले.

त्यांना एवढंच म्हणाले, पाइप बदलायला लागेल, गाडी ठेवून जा. त्यांनी विचारलं, "जुनी झाली म्हणून ना?" मी मान हलवली. होय की नाही, कशीही घेता येईल अशी.

आज सकाळी पाइप बदलला. पोतं भिजवलं, बांधलं, ऑइल मारलं. मग हात पुसून त्यांना फोन लावला, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. रिंग वाजत राहिली, त्यांनी उचलला नाही. आणि आबा, मला बरं वाटलं. परत न लावता इथं येऊन बसले आणि तुम्हाला लिहायला घेतलं.