वाकायला हवं होतं ते पोलाद

कामाइशी,
२ डिसेंबर

प्रिय तोमिए ताई,

इथे डोंगरावर कालपासून बर्फ दिसू लागलंय. तू पाठवलेली वाळवलेली पर्सिमनची फळं पोहोचली. रेइको मलासुद्धा मोजून देते, अशी बायको आहे. तुझे गुडघे कसे आहेत? सेन्दाईच्या नव्या घराला लिफ्ट आहे ते एक बरं.

घर बघायला कधी येतोस, असं तू तीन पत्रांत विचारलंस. मी एकदा ताप लिहिला, एकदा कामाचा रेटा. दोन्ही थापा होत्या.

मागच्या आठवड्यातल्या भूकंपाच्या धक्क्याबद्दल तू लिहिलंस, "कपातला चहासुद्धा सांडला नाही. शेजारणीला म्हटलं, माझ्या भावाने तपासलेलं पोलाद आहे हे." ते वाचल्यापासून मला जेवण जात नाही.

ताई, तुमच्या इमारतीचे खांब उच्च ताकदीच्या पोलादाचे आहेत, ते चोख आहेत. पण खांबांमधल्या तिरप्या पट्ट्या मुद्दाम मऊ पोलादाच्या हव्या होत्या. मोठ्या भूकंपात त्या आधी वाकतात, धक्का पोटात घेतात, म्हणून खांब वाचतात. मऊ माल वेळेवर आला नाही. आमच्या मालकांनी, नागाईसाहेबांनी, खांबांचंच पोलाद तिथे वापरलं. मी म्हटलं, हे चालणार नाही. ते हसले.

"अरे शिगेओ, गिऱ्हाइकाला सांगितल्यापेक्षा मजबूत माल दिला. यात कसली चोरी? तक्रार तरी कोण करणार?"

त्या पट्ट्या वाकल्या नाहीत तर खांबांचे जोड तुटतील, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण नागाईसाहेब रेइकोचे मामा, नोकरी त्यांनी दिलेली, राहतं घर कारखान्याचं. मी तपासणीच्या कागदावर सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. पहिल्या नोकरीच्या वेळी तू कोरून दिलेला, तोच. सहा महिन्यांनी तू त्याच इमारतीत घर घेतल्याचं कळवलंस.

बोललो तर कारखाना बंद पडेल, इथली चाळीस घरं उघड्यावर येतील. गप्प बसलो तर मोठ्या भूकंपात तुमची इमारत कोसळेल. दोन वर्षं मी इकडेही नाही, तिकडेही नाही.

सगळी हकिगत वेगळ्या कागदावर लिहून, खाली तोच शिक्का मारून सोबत ठेवली आहे. इथल्या नगरपालिकेच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. माझ्याच्याने होत नाही. तो कागद तू तिकडच्या नगरपालिकेत नेऊन दे. तुझं घर मातीमोल होईल, मला कदाचित तुरुंग होईल. लहानपणी बाबांचा मार माझ्याऐवजी तूच खायचीस. आजही तुलाच पुढे करतोय, याची मला लाज वाटते.

इमारतीची तपासणी होईपर्यंत तिथे राहू नकोस. यामागाताला मावशीकडे जा.

शिक्काही पाकिटात घातलाय. या पत्राखालची सही हाताने केली आहे.

तुझा धाकटा,
शिगेओ