मैत्रीचं दूध तोडायचं नाही

संघर्ष,

आपल्या मैत्रीले घेऊन मी बुढापारा मोहल्ल्यात माझ्या ताईकडे चालली. तुम्ही कामावर, तुमच्या आई विहारात गेल्या आहेत, सांगायले घरी कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

सकाळी मी आंघोळीले गेली तेवढ्यात आईंनी तिले बाटली लावली. "अंगावरच्या दुधानंच कफ वाढते, दीड वर्षाची झाली, तोड आता," म्हणे. आणि तुम्ही काय बोलले? "मम्मी सही बोल रही है." पोट्टी कालपासून छातीशी येऊन रडून राहिली, ते दूध नको म्हणून नाही. तिचं नाक बंद होतं. तोंड दुधाले लावल्यावर श्वास कुठून घेईल ते लेकरू?

मग मी तिले समता कॉलनीतल्या डॉक्टर दीदींकडे नेलं. त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. ते नाकात टाकले, नाक साफ केलं, मग उभं धरून पाजलं. वीस मिनिटं प्यायली. छाती साफ आहे, म्हणाल्या दीदी. दूध बंद करायचं नाही, उलट घडीघडी पाजायचं, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. कागद फ्रिजवर लावला आहे.

तो आईंना तुम्ही वाचून दाखवा. मी वाचला तर भांडण होईल. तुम्ही नाही वाचला तर मी येणार नाही.

चेतना